फोनवरचे साहेब

सोमवार, ४ नोव्हेंबर

अहो,

सुरुवात काय करायची यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी रोज जी हाक मारते तीच लिहिली. फोन तर तुम्ही घेत नाही. माझं नाव दिसलं की तो जाऊबाईंच्या हातात देता आणि त्या बिचाऱ्या ‘भाऊजी आंघोळीला गेलेत’ म्हणून सांगतात. दिवसातून किती वेळा आंघोळ करतो हो माणूस? म्हटलं, पत्रच टाकावं. बंद पाकीट दिसलं की तुम्हाला फोडल्याशिवाय राहवत नाही, मग आत विजेचं बिल का असेना.

मी बरी आहे. जाताना तुम्ही स्वेटर विसरलात आणि ड्रिल मशीन मात्र आठवणीने घेऊन गेलात. तुमच्या भावाचं घर भाड्याचं आहे, त्याच्या भिंतींना भोकं पाडत बसू नका.

इकडे बाथरूम फोडून झालं. स्वयंपाकघरातली सिंकची भिंतही उघडी आहे. हॉलमध्ये सिमेंटची पोती आहेत, सोफ्यावर चादर आहे, चादरीवर धूळ आहे आणि त्या धुळीवर बसून मी हे लिहितेय. आंघोळीला समोरच्या वहिनींकडे जाते. बादली आणि टॉवेल घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले की होस्टेलात राहिल्यासारखं वाटतं. मला होस्टेल कधी मिळालं नाही, ती हौसही आता फिटली.

प्लंबर दारात उभा राहिला त्याच सकाळी तुम्ही बॅग भरलीत. ‘घर परक्यांच्या हातात द्यायचं ठरवलंयस ना, मग माझं इथे काय काम?’ असं म्हणालात. मीही तोंडाला येईल ते म्हटलं, ‘जा मग.’ मला वाटलं, रागारागाने कोपऱ्यापर्यंत जाल, पेपर घ्याल आणि परत याल. तुम्ही थेट भावाकडे पोचलात. या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक बटण, दारांच्या बिजागऱ्यासुद्धा तुम्ही स्वतः बसवल्यात. दुसऱ्याचा हात लागलेला तुम्हाला खुपला, ते मला समजत नाही असं नाही. तुम्ही परत यावं एवढंच मला हवंय. पण काम मी थांबवणार नाही. का थांबवणार नाही ते आत्ता विचारू नका.

आता मंडळींची ओळख करून देते. प्लंबर अंगाने आडवा, मिशा झुपकेदार, बोलणं अगदी अदबीचं. फरशीवाला बारीक, त्याच्या खिशात कायम ती पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हलची पट्टी असते. मी चहाचा ट्रे आणला तर त्याने ट्रेवरसुद्धा पट्टी ठेवून पाहिली. वायरमन कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणतो, म्हणून त्याचं नावच मी होऊनजाईल ठेवलंय. रंगारी अजून यायचाय.

तिघांत एक गोष्ट सारखी. मी काहीही सांगितलं की मान डोलावतात आणि म्हणतात, ‘बरोबर आहे वहिनी, पण साहेब काय म्हणतात?’ परवा बाथरूममधली पाणी जायची जाळी कुठे बसवायची यावरून प्लंबर आणि फरशीवाला हमरीतुमरीवर आले. प्लंबर म्हणे खिडकीखाली, तिथे पाइप जवळ. फरशीवाला म्हणे दाराजवळ, म्हणजे फरशी कापावी लागणार नाही. मी म्हटलं, खिडकीखालीच बसवा, दाराजवळ बसवलीत तर ओले पाय घेऊन रोज मीच घसरणार. दोघांनी हसून माझ्याकडे पाहिलं, आणि परत तेच, साहेबांना एकदा विचारून घ्या.

माझं डोकंच फिरलं. ‘फोन करून विचारते’ म्हणून आतल्या खोलीत गेले, दार लावलं, कपाटासमोर उभी राहिले, दोन उशांच्या खोळींच्या घड्या घातल्या आणि बाहेर येऊन म्हटलं, ‘साहेब म्हणाले, जाळी खिडकीखाली. आणि यावर वाद नकोय.’

अहो, काय सांगू. दोघं मुकाट्याने कामाला लागले. तेव्हा तुमच्या माहितीसाठी कळवते की जाळी तुम्ही खिडकीखाली बसवलीत.

तुमची,
मी


गुरुवार, १४ नोव्हेंबर

अहो,

उत्तर नाही आलं, पण जाऊबाईंकडून बातमी आली. पत्र गॅलरीत नेऊन वाचलंत, मधेच हसलात आणि कोणी विचारल्यावर ‘खोकला आला’ म्हणालात. खोकल्याला औषध घ्या.

इकडे तुमचा स्वभाव फार कडक होत चाललाय. शनिवारी तुम्ही सगळ्यांना असं काही झापलंत की बोलायची सोय नाही. झालं काय, ही माणसं रोज ‘उद्या येतो’ म्हणतात आणि येत नाहीत. मी हिशेब केला की तिघांनाही शनिवारीच बोलवावं, म्हणजे निदान एकजण तरी उगवेल. तिघंही आले, आणि अगदी वेळेवर. वर रंगारीपण आला, त्याला तर मी बोलावलंही नव्हतं, सहज बघायला आला होता. होऊनजाईल भिंतीत वायरसाठी चर पाडतोय, त्याचा चुरा खाली प्लंबरच्या डोक्यावर पडतोय, प्लंबर तिथूनच ओरडतोय, फरशीवाला सोफ्यावर बसून ‘आधी यांचं होऊ द्या’ म्हणत चहा पितोय. आधी कोणाचं व्हायचं ते मात्र कोणी सांगेना. प्रत्येकाला दुसऱ्याच्या नंतर यायचंय. जो आधी काम करतो त्याचंच काम नंतरचा फोडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी कपाळाला हात लावला आणि आत गेले. यावेळी तुमच्याशी जरा जास्त वेळ बोलले. जुनी मासिकं एकावर एक रचून झाली तरी मला सुचेना, मग खिडकीत उभं राहून विचार केला आणि बाहेर आले. तुम्ही सांगितलंत की सकाळी वायरमनचे चर, दुपारनंतर प्लंबरचे पाइप, मग बाथरूमची जाळी बुचाने बंद करून आत पाणी भरून ठेवायचं. खालच्यांच्या छताला ओल आली नाही तरच फरशीला हात लावायचा. आणि रंगाऱ्याने मी बोलावल्याशिवाय या गल्लीत पाऊल ठेवायचं नाही.

‘साहेब इंजिनिअर आहेत का?’ फरशीवाल्याने दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, त्याहून वरचे.

पाणी भरलं. मी दिवसभर खाली चकरा मारून त्यांच्या छताकडे बघत होते. खालच्या आजी माझ्यासोबत टॉर्च धरून उभ्या. त्यांना वाटलं, मी पाल शोधतेय. ओल आली नाही. तुमचं सगळीकडे कौतुक झालं.

रंगाऱ्याने मात्र तुमचं ऐकलं नाही. माणूस हळवा आहे. काम नसलं की त्याला करमत नाही, म्हणून मी बाजारात गेले असताना येऊन स्वयंपाकघराची भिंत रंगवून गेला. काय सुरेख रंग लावला होता, कच्च्या कैरीच्या आतल्या बाजूसारखा. दुसऱ्या दिवशी होऊनजाईल आला आणि त्याने त्या भिंतीच्या मधोमध वरून खालपर्यंत चर पाडला. रंगारी आला, भिंतीसमोर पालथ्या बादलीवर बसला आणि बसूनच राहिला. चहालाही नको म्हणाला. मला बघवेना. आत जाऊन आले आणि सांगितलं, ‘साहेब म्हणाले, रंग फार छान जमला होता, परत अगदी तसाच द्या.’ त्यावर तो उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, साहेबांना रंगातलं कळतं. तुम्ही असं कधी कोणाचं कौतुक करत नाही, म्हणून सांगितलं.

अजून एक. सिंकमागे तुमचा तो जुना जोड निघाला, पाइपला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. प्लंबर तो हातात धरून खो खो हसला. मी म्हटलं, ‘मुलगी शाळेत होती तेव्हापासून तो जोड एक थेंब गळला नाही. तुमचा किती टिकतो ते बघू, मग हसा.’ त्याने हसणं आवरून जोड माझ्या हातात दिला. जोड मी फेकू दिला नाही.

बाकी किरकोळ. लाकडी स्टूल खालच्या आजींना देऊन टाकलं, अडगळ होत होती. आणि बाथरूममध्ये टॉवेलसाठी एक जादा दांडा बसवून घेतेय. स्टीलचा आहे, चांगला जाड, कमोडच्या बाजूच्या भिंतीवर, साधारण कमरेच्या उंचीला. टॉवेल वाळायला बरा.

जेवताय ना नीट?

तुमची,
मी


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

अहो,

तुम्ही फोन केलात. मला नाही, प्लंबरला केलात, त्याचा नंबर कुठून मिळवलात कोण जाणे, पण केलात. मला इतका आनंद झाला की मी दूध उतू घातलं.

प्लंबर सकाळी आला तो डोळे मोठे करूनच. म्हणाला, ‘वहिनी, एक सांगायचंय, साहेबांच्या कानावर घाला. कोणीतरी तोतया त्यांच्या नावाने फोन करतोय.’ मी म्हटलं, कोण तोतया? म्हणे, ‘काल एका माणसाचा फोन आला. म्हणतो, मी त्या घराचा मालक बोलतोय, तो बाथरूममधला दांडा बसवू नका. मी विचारलं, का नको? तर म्हणतो, म्हणजे बघा, तसं नाही, गरज काय आहे, आत्ता तरी नको, नंतर बघू. मी तेव्हाच ओळखलं. आपले साहेब एका वाक्यात मोकळे होतात. आणि दांडा तर साहेबांनीच सांगितलाय, भिंतीत खोल बोल्ट मारून बसवा, दोन माणसं लोंबकळली तरी हलता कामा नये. मी त्याला सांगितलं, परत फोन केलास तर साहेबांना तुझा नंबर देईन.’

एवढं सांगून तो शाबासकीसाठी उभा राहिला. मी त्याला शाबासकी दिली. दुसरं काय करणार? आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला आणि हसू पळालं. म्हणाल्या, तुम्ही कालपासून धड जेवला नाहीत. भावाला म्हणालात, ‘माझ्याच घरात मला कोणी ओळखत नाही. मी नसलो तर तिथे सगळं जास्त चांगलं चालतं.’ आणि त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होतेय, तिची चौकशी केलीत. जाऊबाई रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना तुम्ही नको झालात म्हणून नाही, तुम्ही खरंच कायमचे राहाल या भीतीने, माझ्यासाठी.

खोली घ्यायला निघालात. मी इथे गंमत म्हणून एक नवरा उभा केला आणि खऱ्याने खोली बघायला घेतली.

हे पत्र आत्ता टाकत नाही. आधी इथलं निस्तरते.


शनिवार, २३ नोव्हेंबर

कालच्याच कागदाला जोडून लिहितेय.

सकाळी चौघंही कामावर होते. फरशी लागत होती, होऊनजाईल बटणं बसवत होता, रंगाऱ्याला तुम्ही आता गल्लीत यायची परवानगी दिलीय. मी चौघांना हॉलमध्ये बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. फोनवर साहेब वगैरे कोणी नव्हतं. माझे यजमान रागावून भावाकडे गेलेत, माझा फोनसुद्धा घेत नाहीत. जे काही साहेब म्हणाले ते मीच म्हणत होते.

मला वाटलं, आता हत्यारं गोळा करतील. मग होऊनजाईल म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही आत फोनवर बोलायला जायच्या तेव्हा तुमचा फोन इथे खिडकीत चार्जिंगला असायचा.’

मी खिडकीकडे पाहिलं. आत्ताही तिथेच होता.

‘पहिल्या दिवसापासून,’ फरशीवाला म्हणाला. ‘एकदा तर तुम्ही आत साहेबांशी बोलत होता आणि इथे फोन वाजत होता. मी कट केला, म्हटलं तुमचं बोलणं मोडायला नको.’

शरमेने मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हटलं, मग माझं ऐकत का होतात? तर फरशीवाला म्हणाला, ‘आमच्यात कोणी कोणाचं ऐकायचं हाच तर घोळ होता. साहेबांचं ऐकलं की कोणी कोणापुढे नमलं असं होत नाही.’ रंगारी म्हणाला, ‘रंगाचं तरी खरं होतं ना?’ मी म्हटलं, ते अगदी खरं होतं, माझ्या मनातलं होतं. त्याचं तेवढ्यावर समाधान झालं.

राहिला प्लंबर. तो एकटाच मनापासून साहेबांना मानत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्याने मिशीला पीळ दिला आणि एकदम म्हणाला, ‘म्हणजे तो तोतया?’

मी म्हटलं, ‘तेच खरे.’

त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. तेव्हापासून तो तुमची माफी मागायची म्हणून माझ्यामागे लागलाय. मी त्याला तुमचा नंबर दिला नाही, कारण तुमच्याशी आधी मला बोलायचंय.

दांड्याबद्दल. तो टॉवेलचा नाही, हे तुम्ही वाचताक्षणी ओळखलंत. कमरेच्या उंचीला टॉवेल कोण वाळत घालतं? इतकी वर्षं भिंतीत खिळे मारणाऱ्या माणसाला मी टॉवेलची गोष्ट सांगायला गेले. तो दांडा धरून उठण्याबसण्यासाठी आहे. आज माझ्या गुडघ्यांसाठी आहे, आणि तुमच्यासाठीही आहे.

मागच्या महिन्यात तुम्ही शॉवर बसवायला स्टुलावर चढलात. मी खाली उभी होते. तुमचा हात थरथरत होता. स्क्रू तुमच्या हातातून सुटून खाली पडत होता, मी उचलून वर देत होते आणि तो परत पडत होता. तुम्ही म्हणालात, ‘आजकाल स्क्रूच नीट येत नाहीत.’ मी म्हटलं, ‘नाही तर काय.’ मग उतरताना तुमचा पाय स्टुलाच्या कडेवरून निसटला आणि तुम्ही माझ्या खांद्यावर आलात. दोघंही हसलो. त्या रात्री तुम्ही पाठ करून झोपलात आणि मी छताकडे बघत पडले होते. दुसऱ्या दिवशी मी प्लंबरला फोन केला.

तुमचं काम वाईट होतं म्हणून मी माणसं बोलावली नाहीत. मला तुम्ही परत स्टुलावर नको होतात. ‘तुम्ही चढू नका’ म्हटलं असतं तर तुम्ही का विचारलं असतंत, आणि मला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, नवीन बाथरूम हवंय, माणसं बोलावते. तुम्हाला ते लागलं. आता म्हणते, तुमचा हात थरथरतो, आणि मला भीती वाटते. फार भीती वाटते. तुम्ही पडाल याची वाटते, आणि आपण दोघं एकमेकांपासून लपवत बसू याची त्याहून जास्त.

दांडा बसलाय. मी दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. निघणार नाही.

हे आता टाकते, नाहीतर उद्या सकाळी धीर होणार नाही.

तुमची,
मी


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

अहो,

काम संपलं. चौघंही काल दुपारी हात धुऊन, हत्यारं आवरून गेले. घर इतकं शांत झालंय की फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

बाथरूम बघण्यासारखं झालंय. पाणी ओतलं की सरळ खिडकीखाली धावत जातं, एक थेंब दाराकडे येत नाही. फरशीवाल्याने शेवटी मला पट्टी हातात दिली आणि म्हणाला, तुम्हीच बघून घ्या. मीही उगाच डोळे बारीक करून बुडबुडा बघितला. स्वयंपाकघराची भिंत रंगाऱ्याने परत तशीच केली, फक्त आधीपेक्षा जरा फिकी. होऊनजाईलने प्रत्येक बटणावर बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, कुठला दिवा कुठला. आपल्या घरात देवघरातला दिवा स्वयंपाकघरातून लागायचा, ती मजा गेली. परवा मी सवयीने तिकडे जाऊन भिंत चाचपून आले.

जाताना रंगाऱ्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, ‘वहिनी, एखादं काम शिल्लक ठेवू का? बाल्कनीच्या दाराची कडी सैल ठेवतो. साहेबांना, म्हणजे तुमच्या यजमानांना कळवा, कडी बसत नाही, तुम्हीच या. पुरुषमाणसाला बोलवायला काहीतरी काम लागतं.’ चांगल्या मनाने म्हणत होता. प्लंबरनेही मान डोलावली, तो तर नळच अर्धवट ठेवायला तयार झाला.

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी आत जाऊन विचार केला. आता आत जायची सवयच लागलीय. बाहेर येऊन म्हटलं, कडी घट्ट करा. नळही पुरा करा. काही शिल्लक ठेवू नका.

कारण कडीसाठी आलात तर कडी झाल्यावर परत तोच प्रश्न आहे, माझं इथे काय काम. आणि हात थरथरला तर कडी व्हायचीही नाही. म्हणून सगळं पूर्ण करून घेतलंय. घरात तुमच्यासाठी एकही काम नाही. एक स्क्रूसुद्धा सैल नाही. तुम्ही नसताना घर चालतं हे तुम्ही भावाला म्हणालात ते खरंच आहे, मी चालवून दाखवलं, आणि थोडी मजाही आली, तेही लपवत नाही. घर चालतंय. मला करमत नाहीये.

संध्याकाळी चहा करते तर सवयीने दोन कप. दुसरा कप मग रागाने पिते. त्यामुळे झोप येत नाही आणि सकाळी डोकं धरतं. पेपर तुम्ही मोठ्याने वाचायचात तेव्हा मी ‘पुरे’ म्हणायचे. आता पेपर येतो आणि तसाच घडी घातलेला पडून राहतो. त्या कडक, एका वाक्यात निकाल लावणाऱ्या साहेबांबरोबर महिना काढला. माणूस कामाचा होता, पण त्याच्याशी बोलायला काही नव्हतं. मला ‘म्हणजे बघा, तसं नाही’ करणारा माणूस हवाय.

हाताचं काय ते आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू. मी तुम्हाला ओढत नेणार नाही. तुम्हाला जायचं असेल तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसेन आणि मधे बोलणार नाही. बरं, कमी बोलेन.

वरच्या खोलीचं काय ठरलं ते मला विचारायचं नाहीये. पण जाऊबाईंना तुम्ही काही सांगितलंत तर त्या मला सांगतातच, एवढं लक्षात असू द्या.

तुमची,
मी


बुधवार, ४ डिसेंबर

अहो,

तुमचं कार्ड आज दुपारी आलं. पोस्टमनने दारातच दिलं. उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग समोरच्या वहिनींना वाचून दाखवलं. एवढं एकच वाक्य लिहायला तुम्हाला महिना लागला: ‘साहेबांची परवानगी असेल तर शनिवारी येईन म्हणतो.’

अक्षर वाकडंतिकडं झालंय. पूर्वी तुम्ही पट्टी लावल्यासारखं लिहायचात. कार्डावर दोन ठिकाणी खोडलंयत आणि तरी ते भावाकडून लिहून न घेता स्वतःच्या हाताने लिहिलंत. ते मी बघितलं. तुम्ही ते मला दिसू दिलंत, तेही मला कळलं. कार्ड हातात धरून मी थोडी रडले, वहिनींसमोरच. त्यांनी मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, काही वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही हो, येताहेत.

राहिला परवानगीचा प्रश्न. साहेबांना मी विचारलं नाही. आत गेले नाही, दार लावलं नाही, खोळींच्या घड्या घातल्या नाहीत. साहेबांना मी कामावरून काढून टाकलंय. या घरात काय करायचं ते आता तुम्ही आणि मी ठरवू, भांडून ठरवू, आणि भांडण झालं तर बॅग न भरता पाठ करून झोपायचं, पूर्वीसारखं. मी माझ्या तोंडाने सांगतेय, या.

आणि शनिवार कशाला? शुक्रवारीपण गाडी असते.

तुमची,
मी